आईचे आजारपण, मुलांचे मौन

घरातील गृहिणीला कर्करोग झाल्याचे निदान होते, तेव्हा त्या घराची सारी घडी एका दिवसात विस्कटते. तपासण्यांची फाइल घेऊन एक भाऊ मुंबईला धावतो, दुसरा दुकान सांभाळतो. विम्याचे कागद शोधले जातात, मोठ्या रुग्णालयात कोणाची ओळख आहे याची विचारपूस सुरू होते, बहीण किंवा नणंद बॅग भरून मुक्कामाला येते. या धावपळीत प्रत्येकाच्या वाट्याला काही ना काही काम येते. मुलांच्या वाट्याला मात्र एक वाक्य येते : "आईला जरा बरं नाहीये, तुम्ही आपला अभ्यास करा." आणि त्यांची पाठ वळताच मोठी माणसे एकमेकांना बजावतात, "मुलांना काही कळू देऊ नका."

हे बजावणे मायेतून येते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. कोवळ्या मनावर एवढे मोठे ओझे कशाला, असा त्यामागचा विचार असतो. परंतु आजारी आई-वडिलांच्या मुलांचा अभ्यास करणाऱ्यांना गेल्या काही दशकांत जे आढळले, ते या समजुतीच्या विरुद्ध जाते. मुलाला आजाराची बातमी जितकी पोखरते, त्याहून अधिक त्या बातमीसोबत एकटे राहणे पोखरते. आईच्या उपचारांचे वेळापत्रक आखताना मुलांच्या मनाचाही विचार त्याच गांभीर्याने का व्हावा आणि तो कसा करता येईल, हे या लेखात पाहू.

प्रश्न किती मोठा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ या वर्षासाठी केलेल्या अंदाजानुसार भारतात स्तनांच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले. भारतीय स्त्रियांमध्ये हाच कर्करोग आज सर्वाधिक आढळतो. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे तो सरासरीने सुमारे दहा वर्षे लवकर गाठतो, असे आपले तज्ज्ञ सांगत आले आहेत. चाळिशी-पन्नाशीतील भारतीय स्त्री म्हणजे बहुधा शाळा-कॉलेजात शिकणाऱ्या मुलांची आई. त्यामुळे अशा प्रत्येक निदानासोबत एखाद-दुसरे मूलही त्या आजाराच्या छायेत येते, आणि रुग्णांच्या कोणत्याही यादीत त्याचे नाव नसते.

याच संस्थेच्या संशोधकांनी आणखी एक हिशेब मांडला आहे. २०२० या एका वर्षात जगभरात कर्करोगाने सुमारे ४४ लाख स्त्रियांचा मृत्यू झाला आणि त्यामुळे सुमारे १० लाख मुले आईवाचून पोरकी झाली. त्यांतील जवळजवळ निम्मी मुले आशियातील होती.

हे आकडे धसका देणारे असले, तरी त्यांची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. लवकर निदान झालेल्या असंख्य माता उपचार पूर्ण करून पुन्हा आपल्या संसारात रमतात. त्यांच्या मुलांनाही शस्त्रक्रिया, किमोथेरपी, रेडिएशन आणि त्यानंतरच्या दीर्घ तपासण्या असे कित्येक महिने पार करावे लागतात. आई बरी झाली म्हणजे त्या महिन्यांत मुलाच्या मनात जे साचले, तेही आपोआप निवळले, असे गृहीत धरता येत नाही.

मुलांना काय कळते?

अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ मायरा ब्लूबाँड-लँगनर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान मुलांच्या सहवासात राहून त्यांचा अभ्यास केला. १९७८ मध्ये तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्या मुलांना त्यांच्या आजाराचे खरे स्वरूप कोणीही सांगितले नव्हते, तरीही त्यांना ते उमगले होते. विशेष म्हणजे आपल्याला हे कळले आहे, असे ती मुले आई-वडिलांना जाणवू देत नव्हती. मोठ्यांना हा विषय सोसत नाही, हेही त्यांनी ओळखले होते. दोन्ही बाजूंना सारे ठाऊक, आणि दोन्ही बाजू ठाऊक नसल्याचा बहाणा करीत होत्या.

ती मुले स्वतः रुग्ण होती. पण आई आजारी असलेल्या घरातही हाच बहाणा चालतो. आपण आवाज खाली करून फोनवर बोलतो, तेव्हा मुलाचे कान अधिकच टवकारले जातात. देवघरात आजी डोळे पुसताना दिसते, वडील दुकानातून दुपारीच परततात, कपाटातील फाइल आपण खोलीत येताच बंद होते, हे सारे ते टिपत असते. हल्ली तर औषधाच्या पाकिटावरील नाव मोबाइलमध्ये टाकले की क्षणात सारे समोर येते. असे चोरून मिळालेले ज्ञान अर्धवट असते आणि बहुधा वस्तुस्थितीहून भयंकर असते. शिवाय ते कोणाला विचारून पडताळण्याची सोय नसते, कारण या घरात या विषयावर बोलायचे नाही, हा धडा मुलाने आधीच गिरवलेला असतो.

व्यापारी माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. रोजमेळात लिहिलेले देणे कितीही मोठे असले तरी त्याची तरतूद करता येते. न लिहिलेले देणे कधी समोर येऊन उभे राहील याचा नेम नसतो. मुलाच्या मनातील न बोललेल्या भीतीचेही तसेच आहे.

वयागणिक वेगळे मन

एकाच घरातील तीन मुले एकच घटना तीन प्रकारे अनुभवतात. हंगेरीतील मानसशास्त्रज्ञ मारिया नॉज यांचा मुलांच्या मृत्यूविषयक कल्पनांचा अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांखालील मुलांना मृत्यू हा प्रवासासारखा, परत येण्याजोगा वाटतो आणि तो अटळ व कायमचा आहे ही समज साधारण नवव्या वर्षाच्या सुमारास स्थिरावते, असे त्यांना आढळले. पुढच्या संशोधनात या वयांच्या सीमा थोड्या अलीकडे-पलीकडे सरकल्या, तरी मुलाची समज पायरीपायरीने वाढते, हे सूत्र कायम राहिले.

दोन-तीन वर्षांच्या बाळाला आजार कळत नाही; त्याला वियोग कळतो. आईचा वास, तिचा हात, झोपताना तिचे गुणगुणणे नाहीसे झाले की ते किरकिर करते, खाणे सोडते. अशा वेळी रोज नवीन माणसाकडे सोपवण्यापेक्षा आजी, काकू किंवा आत्या यांपैकी एकीनेच त्याचे न्हाणे, जेवण आणि झोप सांभाळली, तर ते लवकर स्थिरावते.

तीन ते सहा वर्षांचे मूल स्वतःला जगाच्या केंद्रस्थानी मानते. त्याने रागाच्या भरात आईला "तू मला नकोस" असे कधी म्हटलेले असते, आणि पुढे आई आजारी पडते. आपल्या बोलण्यामुळेच हे घडले, असा निष्कर्ष ते काढते आणि कोणाला सांगत नाही. सुटलेली सवय परतणे, म्हणजे अंथरूण ओले करणे किंवा पुन्हा बोबडे बोलणे, हे या वयातील मनाच्या ताणाचे नेहमीचे लक्षण आहे.

शाळकरी मुलाला तपशील हवे असतात. गाठ केवढी होती, ती कापताना दुखले का, हा आजार एका ताटात जेवल्याने लागतो का, असे प्रश्न त्याला पडतात. उत्तर मिळाले नाही तर ते पोटदुखी, डोकेदुखी आणि वर्गातील चुका यांतून बोलू लागते. काही मुले मात्र एकाएकी अतिशय शहाणी होतात. हट्ट नाही, मागणी नाही, भांडण नाही. "किती समजूतदार झाला आहे!" असे कौतुक करण्याआधी त्याच्याजवळ जरा बसावे. आपण त्रास दिला तर आई अधिक आजारी पडेल, या धाकाने कित्येक मुले शहाणी झालेली असतात.

किशोरवयीन मुलांची ओढाताण निराळीच असते. घरापासून दूर जाऊ पाहण्याच्या वयातच घर त्यांना मागे ओढते. मित्रांसोबत हसले तरी अपराधी वाटते, घरी बसले तरी गुदमरल्यासारखे होते. ही मुले अनेकदा तुटक बोलतात, खोलीचे दार लावून घेतात, आणि आपण त्यांना निष्ठुर समजतो.

आपण का लपवतो?

आपल्या घरांत या विषयावर पडदा पडतो, त्यामागे मायेखेरीज दोन कारणे आणखी असतात. ती उघडपणे बोलली जात नाहीत, म्हणून येथे मांडणे आवश्यक आहे. पहिले सोयरिकीचे. "घरात कॅन्सर आहे" हे बाहेर फुटले तर मुलीच्या लग्नात अडचण येईल, अशी भीती असते. दुसरे पतीचे, म्हणजे बाजारातील पतीचे. घरात मोठे आजारपण आहे असे समजले की देणेकरी रेंगाळतील आणि घेणेकरी घाई करतील, असे वाटते. या चिंता अगदीच निराधार नाहीत. पण त्यांची किंमत मूल मोजते. "बाहेर कोणाला सांगू नकोस" अशी ताकीद मिळाली की आईच्या आजारात काहीतरी लाजिरवाणे आहे, असे त्याला वाटू लागते. शाळेतील बाई किंवा जिवाभावाचा मित्र यांच्यापाशी मन मोकळे करण्याची वाटही बंद होते. गावभर सांगावे असे कोणीच म्हणत नाही. परंतु मुलाला बोलता येईल अशी निदान दोन-तीन माणसे आपण स्वतःहून ठरवून द्यावीत.

सोयरिकीच्या भीतीबाबत एक गोष्ट स्पष्ट व्हावी. स्तनांच्या कर्करोगांपैकी साधारण पाच ते दहा टक्केच थेट आनुवंशिक जनुकदोषामुळे होतात. तरीही वयात आलेल्या मुलीच्या मनात "मलाही होईल का?" हा प्रश्न असतोच. हॉलिवूडची अभिनेत्री अँजेलिना जोली हिच्या मुलांनाही तो तिच्याबाबत पडला होता, कारण त्यांची आजी दीर्घ आजारानंतर कर्करोगाने गेली होती. आपल्यात तो जनुकदोष असल्याचे तपासणीत आढळल्यानंतर आपण काय निर्णय घेतला, हे जोलीने २०१३ मध्ये जाहीर लेखातून सांगितले. प्रत्येकीने तिच्यासारखीच शस्त्रक्रिया करावी, असा याचा अर्थ नव्हे. मुलीची शंका उडवून न लावता तिला योग्य वेळी डॉक्टरांसमोर बसवावे, कोणाला तपासणीची गरज आहे आणि कोणाला नाही हे त्यांच्याच तोंडून ऐकू द्यावे, एवढाच बोध त्यातून घ्यावा.

आणखी एका बाबतीत आपण जिभेला आवर घातला पाहिजे. भेटीला आलेले नातलग सहज बोलून जातात, "काय करणार, पूर्वकर्माचे भोग!" मोठ्यांना त्या वाक्यात दिलासा मिळत असेल. पाठशाळेत जाणारे आठ वर्षांचे मूल त्याचा सरळ अर्थ लावते : माझ्या आईने काहीतरी पाप केले आहे. कर्मसिद्धान्त समतेने सोसण्याचे बळ देण्यासाठी आहे. रुग्णाला आरोपी ठरवण्यासाठी नाही, हे मुलाला त्याच्या भाषेत सांगायला हवे. तसेच आजवर चौविहार पाळणारी आई सूर्यास्तानंतर औषध घेताना दिसली की मुलाच्या मनात कालवाकालव होते. पच्चक्खाणाला आगार असतात आणि आजारपणात साधू-साध्वीजींच्या मार्गदर्शनाने त्यांचा आधार घेता येतो, हे सांगितले की त्याचे मन शांत होते.

कसे सांगावे?

२०२४ च्या जानेवारीत ब्रिटनच्या राजघराण्यातील केट, म्हणजे वेल्सच्या राजकन्या कॅथरीन, यांच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरच्या तपासण्यांत कर्करोग आढळला. जगभरातून प्रश्नांचा भडिमार होत असतानाही त्यांनी ही बातमी २२ मार्चपर्यंत जाहीर केली नाही. दहा, आठ आणि पाच वर्षांच्या आपल्या तीन मुलांना त्यांच्या वयाला साजेल अशा रीतीने समजावण्यास आणि आई बरी होणार आहे असा धीर देण्यास वेळ लागला, असे त्यांनी स्वतः सांगितले. शाळांना सुट्टी लागण्याच्या सुमारास ती घोषणा झाली. राजवाड्यातील सोयी आपल्या घरी नाहीत. पण आधी आपल्या मुलांना आणि मग जगाला, हा क्रम कोणत्याही घराला परवडणारा आहे.

सांगण्याचे काम शक्यतो आई-वडिलांनी एकत्र बसून करावे. त्यासाठी निजण्याची वेळ टाळावी, परीक्षेची सकाळ टाळावी. आजाराचे नाव घ्यावे. नुसते "आई आजारी आहे" असे म्हटले, तर पुढे साधी सर्दी झालेल्या आजीविषयीही मुलाला तीच धास्ती वाटते. "आईच्या शरीरात एक गाठ झाली आहे. तिला कर्करोग म्हणतात. डॉक्टर ती काढणार आहेत आणि नंतर औषधे देणार आहेत," एवढी सुरुवात पुरते. पुढचे मुलाच्या प्रश्नांवर सोडावे.

तीन गोष्टी मात्र त्याने विचारल्या नाहीत तरी सांगाव्यात. हा आजार तुझ्या वागण्या-बोलण्याने झालेला नाही. तो शेजारी बसल्याने, मिठी मारल्याने, एकत्र जेवल्याने लागत नाही. आणि तुझे डबे, शाळेत सोडणे-आणणे, अभ्यास, झोपणे हे सारे कोण पाहणार, ते आम्ही ठरवले आहे. हे तिसरे वाक्य मोठ्यांना किरकोळ वाटते. लहान मुलाच्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा प्रश्न असतो आणि तो विचारताना त्याला आपण स्वार्थी असल्यासारखे वाटते.

"आई, तू मरणार का?" हा प्रश्न आज ना उद्या येतो. "असं अभद्र बोलू नये" म्हणून मुलाला गप्प करू नये आणि खोटे वचनही देऊ नये. "डॉक्टर मला बरं करण्यासाठी चांगले उपचार देत आहेत, मीही ते मनापासून घेत आहे. काही बदललं तर आम्ही तुला सांगू, तुझ्यापासून लपवणार नाही," असे उत्तर परिस्थितीशी प्रामाणिक राहते. मुलाला त्यातील शेवटचे वाक्य हवे असते. तेवढ्या भरवशावर ते पुन्हा खेळायला जाऊ शकते, आणि ते खेळायला गेले तर त्याला काहीच वाटले नाही, असे आपण समजू नये.

उपचारांच्या काळात

किमोथेरपीचे डोस अनेकदा तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने दिले जातात. पहिल्या डोसानंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात. हे आधी सांगून ठेवलेले असले की मुलाला धक्का बसत नाही. "औषध वाईट पेशींसोबत केसांच्या मुळांनाही त्रास देते, उपचार संपले की केस परत येतात," हे पाच वर्षांच्या मुलालाही समजते. आईसाठी रुमाल किंवा टोपी निवडायला त्याला सोबत न्यावे.

डोसानंतरच्या काही दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात आणि संसर्गाचा धोका वाढतो. त्या काळात सर्दी झालेल्या मुलाला आईपासून दूर ठेवावे लागते. कारण न सांगता दूर ठेवले, तर आईला आपण नकोसे झालो, असेच ते समजते. बाहेरून यंत्राद्वारे दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या रेडिएशनमुळे आईच्या शरीरातून किरण बाहेर पडत नाहीत, तेव्हा मुलाने तिच्या कुशीत शिरायला हरकत नसते. थायरॉइडसाठी दिले जाणारे किरणोत्सारी आयोडीन किंवा शरीराच्या आतून दिले जाणारे काही उपचार याला अपवाद आहेत. अशा वेळी किती दिवस अंतर राखायचे, हे डॉक्टर सांगतात. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूला दुखते म्हणून दुसऱ्या बाजूला बस, असे मुलाला सांगावे. त्याला जवळ येण्याची एक वाट कायम खुली हवी.

आपल्याकडे मुलांना "थोडे दिवस" मामाकडे पाठवण्याचा पर्याय पटकन निवडला जातो. कधी त्याला इलाज नसतो. पण जाण्याचे कारण, परतण्याचा अंदाज आणि रोज आईशी बोलण्याची वेळ ठरवूनच पाठवावे. शक्य असेल तर मुलाला त्याच्याच घरात, त्याच्याच शाळेत, त्याच्याच मित्रांमध्ये राहू द्यावे. सकाळी मंदिर, संध्याकाळी खेळ, रविवारी पाठशाळा हा क्रम चालू राहिला की सारे काही कोसळलेले नाही, ही खात्री त्याला रोज मिळत राहते.

थोरली लेक आणि दुकानात बसणारा मुलगा

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ब्रूस कॉम्पस आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात कर्करुग्णांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. मुलांमध्ये सर्वाधिक चिंता आणि निराशा आढळली ती आई आजारी असलेल्या किशोरवयीन मुलींमध्ये. मुलांना होणारा हा त्रास पालकांच्या ध्यानात पुरेसा येत नाही, असेही या अभ्यासांतून दिसले.

आपल्या घरांतील चित्र आठवले की यात नवल वाटत नाही. आईने अंथरूण धरले की पंधरा-सोळा वर्षांची लेक स्वयंपाकघर, धाकट्या भावाचा अभ्यास, आजीची औषधे आणि आल्या-गेल्याचे चहापाणी अंगावर घेते. पाहुणे तिची वाखाणणी करतात आणि त्या वाखाणणीमुळे तिला थकल्याचे सांगणेही अवघड होते. तिचा क्लास कधी सुटला, मैत्रिणी कधी दुरावल्या, हे कोणी पाहत नाही. मुलग्याच्या बाबतीत हेच दुकानात घडते. वडील रुग्णालयात म्हणून तो गल्ल्यावर बसतो, आणि "आता तूच घरचा कर्ता" या एका वाक्याने त्याचे रडणे बंद होते.

मुलांना कामच देऊ नये, असे नाही. रुग्णाची सेवा म्हणजे वैयावृत्य. आपल्या परंपरेने तिला आभ्यंतर तपात स्थान दिले आहे. आईच्या उशाशी पाणी भरून ठेवणे, तिला वर्तमानपत्र वाचून दाखवणे, औषधाच्या वेळा वहीत टिपणे अशा छोट्या कामांनी मुलाची हतबलता कमी होते. ते काम वयाला झेपणारे हवे आणि त्याला शेवट हवा. आठवड्यातील दोन-तीन संध्याकाळी थोरलीला घरकामातून पूर्ण सुट्टी देण्याची जबाबदारी काकू-मामींनी वाटून घ्यावी. विचारपूस करायला येणाऱ्या महिला मंडळाने फळांच्या करंडीऐवजी दोन दिवसांचा डबा आणला, तर त्या मुलीला पुस्तक उघडण्याइतका अवकाश मिळेल.

आई-वडिलांचे स्वतःचे मन

मुले कशी सावरतात, हे आजाराच्या टप्प्याइतकेच, काही वेळा त्याहून अधिक, घरातील वातावरणावर अवलंबून असते. आई खोल नैराश्यात गेली असेल, पती-पत्नींत संवाद उरला नसेल, तर मुलांचा त्रास वाढतो, असे या विषयावरील अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. म्हणून आईच्या मनावरील उपचार ही चैन नव्हे. कर्करोगाच्या मोठ्या रुग्णालयांत समुपदेशक असतात. त्यांची भेट मागून घ्यावी लागली, तरी संकोच करू नये.

वडिलांविषयीही लिहायला हवे. आपले पुरुष अशा वेळी कामात बुडतात. खर्चाचा डोंगर समोर असतो, शिवाय रडणे त्यांना शिकवलेलेच नसते. मुले त्यांच्याकडे पाहून गप्प राहायला शिकतात. "मलाही काळजी वाटते, पण आपण मिळून यातून जाऊ," एवढे वडील रात्री दहा मिनिटे मुलाजवळ बसून बोलले, तरी काळजी वाटणे हा दुबळेपणा नाही, हे मुलाला कळते.

मदत कधी घ्यावी?

रडणे, चिडणे, चार दिवस झोप न लागणे हे स्वाभाविक आहे. पण काही आठवडे उलटूनही मूल जेवत-झोपत नसेल, शाळेत जायला नकार देत असेल, मित्रांना टाळत असेल, किशोरवयीन मूल व्यसनाकडे वळल्याची शंका येत असेल, तर बालमानसतज्ज्ञांकडे जावे. "मी नसतो तर बरे झाले असते" असे ते बोलू लागले, तर त्याच दिवशी जावे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा चालू आहे. वर्गशिक्षकांना विश्वासात घेणेही तितकेच गरजेचे आहे. घसरलेल्या गुणांचे कारण त्यांना ठाऊक असले की शिक्षा टळते आणि मुलाला शाळेत एक आधार मिळतो.

नॉर्वेमध्ये २०१० पासून कायदाच असा आहे की गंभीर आजारी रुग्णाला अल्पवयीन मुले असतील, तर त्यांना माहिती व आधार मिळतो का, याची दखल आरोग्य कर्मचाऱ्यांनी घेतली पाहिजे. आपण तोवर थांबण्याची गरज नाही. डॉक्टरांच्या पहिल्या भेटीतच "आम्हाला दोन मुले आहेत, त्यांना काय आणि कसे सांगावे?" हा प्रश्न आपल्या चिठ्ठीवर लिहून न्यावा.

जेव्हा आई वाचणार नसते

काही घरांत उपचार थकतात. त्या वेळी मुलांना दूर ठेवण्याचा मोह सर्वांत प्रबळ असतो. अभिनेत्री नर्गिस यांचे ३ मे १९८१ रोजी कर्करोगाने निधन झाले, तेव्हा मुलगा संजय २१ वर्षांचा होता, मधली नम्रता १९ वर्षांची आणि धाकटी प्रिया अवघी १४ वर्षांची. संजयचा पहिला चित्रपट त्यानंतर पाचच दिवसांनी पडद्यावर आला. आईच्या निधनानंतर आपल्याला रडूच आले नाही, आणि पुढे काही वर्षांनी तिच्या आवाजातील ध्वनिफिती ऐकताना बांध फुटला, असे त्याने मुलाखतींतून सांगितले आहे. मुलींनी पुढे आई-वडिलांच्या आठवणींचे पुस्तक सिद्ध केले आणि सुनील दत्त यांनी पत्नीच्या स्मरणार्थ कर्करुग्णांसाठी कार्य उभे केले. एकाच घरातील माणसांचे दुःख आपापल्या वेळेने आणि आपापल्या वाटेने बाहेर पडले. म्हणून जे मूल रडत नाही, त्याला दुःख झाले नाही, असा निवाडा करू नये, आणि दहाव्या-बाराव्या दिवसानंतर "आता विसर" असेही म्हणू नये.

निरोपाची संधी मुलाला मिळावी. आईजवळ बसायचे की नाही, हे त्याने ठरवावे. जबरदस्ती नको आणि बंदीही नको. आईला शक्य असेल तर प्रत्येक मुलासाठी चार ओळींचे पत्र, एखाद्या पदार्थाची तिच्या हातची कृती किंवा मोबाइलवर तिच्या आवाजातील नवकार मंत्र जपून ठेवावा. "आई झोपली", "आई देवाघरी फिरायला गेली" अशी वाक्ये लहान मुलाला सांगू नयेत. त्यामुळे त्याला झोपेची भीती वाटते किंवा ते परतण्याची वाट पाहत राहते. आईचे शरीर थांबले, ती आता परत येणार नाही, पण तिचे तुझ्यावरचे प्रेम खरे होते आणि आम्ही तुझ्याजवळ आहोत, हे साध्या शब्दांत सांगावे.

ज्या वाचकांच्या घरी वा नात्यात आज असे आजारपण असेल, त्यांनी मोठ्या बेताने सुरुवात करण्याची गरज नाही. आज रात्री दुकान बंद केल्यावर मोबाइल बाजूला ठेवून मुलाजवळ बसावे आणि विचारावे, "आईच्या आजाराबद्दल तुला काय काय वाटतं?" उत्तर लगेच येणार नाही. कदाचित तो खांदे उडवून "काही नाही" म्हणेल. उद्या पुन्हा विचारावे. दोन-चार दिवसांनी, जेवताना किंवा गाडीत बसल्यावर, तो स्वतःहून एखादा विचित्र वाटणारा प्रश्न विचारील. त्या वेळी हातातील काम थांबवून त्याचे ऐकून घ्यावे.